‘भीती कशाची?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला पुढे काय विचारावे

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली बावीस वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करते. छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण जातो असे वाटते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी काढावा, तो व्यवस्थित निघावा, आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून त्याला घरी पाठवावे, हे मी त्यांपैकी बरीच वर्षे केले. त्या माणसांपैकी कितीतरी जणांना पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे एकाएकी जीव घाबरा होण्याचे झटके पुन्हा पुन्हा येण्याचा मानसिक आजार, असणार आणि चार प्रश्न विचारले असते तर ते माझ्या लक्षात आले असते, हे मला फार उशिरा कळले. ते चार प्रश्न कोणते, ते किती भरवशाचे आहेत आणि मराठी माणसाला ते विचारताना कोठे अडखळायला होते, याबद्दल मला आज लिहायचे आहे.

मॉन्ट्रियल येथील हृदयरोग रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात झालेला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचून मी या विषयाकडे वळले. छातीत दुखते म्हणून आलेल्या ४४१ रुग्णांची त्यात रीतसर मानसशास्त्रीय मुलाखत घेतली गेली आणि त्यांपैकी १०८ जण, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत बसले. या १०८ जणांपैकी ९८ टक्के रुग्णांमध्ये तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी हे निदान ओळखलेलेच नव्हते. त्यातही महत्त्वाचे असे की, पॅनिक डिसऑर्डर असलेल्या या रुग्णांपैकी ४४ टक्के लोकांना पूर्वीपासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजारही होता. ‘हृदय की मन’ असा प्रश्न आपण एकाला निवडून दुसऱ्याला सोडण्यासाठी विचारतो. प्रत्यक्षात दोन्ही आजार एकाच माणसाच्या अंगी सुखाने नांदू शकतात, आणि म्हणून एक सापडला की दुसऱ्याचा शोध थांबवता येत नाही.

पॅनिक अटॅक आणि पॅनिक डिसऑर्डर यांतला फरक येथे सांगितला पाहिजे, कारण त्या चार प्रश्नांची सारी रचना त्या फरकावर उभी आहे. एखादा अटॅक कोणालाही येऊ शकतो. परीक्षेच्या दालनात, अपघातानंतर, लिफ्ट अडकल्यावर तो आला तर त्याला आजार म्हणत नाहीत. अटॅक पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले काही तरी ध्यानीमनी नसताना येतात, आणि त्यानंतर किमान महिनाभर ‘पुन्हा येईल का’ ही धास्ती मनात ठाण मांडून बसते किंवा त्या धास्तीपायी माणूस आपले वागणे बदलतो, तेव्हा तो आजार ठरतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या नियमावलीत अटॅकची तेरा लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी चार किंवा अधिक लक्षणे अचानक उसळून काही मिनिटांत शिखराला पोहोचली पाहिजेत.

आता प्रश्नावलीकडे वळू. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोएन्के आणि जॅनेट विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर, म्हणजे पीएचक्यू, प्रसिद्ध केली. तिच्यातील नैराश्याचा नऊ प्रश्नांचा भाग आपल्याकडे बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक असतो. पॅनिकचा भाग मात्र फारसा कोणी वापरताना दिसत नाही. तो असा आहे. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला चिंतेचा झटका आला का, म्हणजे अचानक भीती किंवा घबराट वाटली का? पूर्वी कधी असे झाले आहे का? त्यांतले काही झटके, जेथे घाबरण्याचे कारण नाही अशा ठिकाणी, अवचित येतात का? या झटक्यांचा तुम्हाला फार त्रास होतो का, किंवा पुन्हा झटका येईल अशी काळजी वाटते का? या चारही प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर आले आणि शेवटच्या मोठ्या झटक्यातील अकरा शारीरिक व मानसिक लक्षणांपैकी किमान चार जुळली, तर पॅनिकची शक्यता धरायची. मूळ अभ्यासात हा भाग मुलाखतीशी ताडून पाहिला तेव्हा आजार असलेल्या शंभरांतले ८१ जण त्याने पकडले, आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या ९९ जणांना त्याने बरोबर वगळले. ही प्रश्नावली एका औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाली, पण ती वापरण्यासाठी परवानगी किंवा शुल्क लागत नाही, ही आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

या कागदावर एक बारीक सूचना आहे आणि माझ्या मते सगळी मेख तिच्यातच आहे: पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर बाकीचे प्रश्न सोडून पुढच्या विभागाकडे जायचे. म्हणजे पहिला प्रश्न हा दरवाजा आहे, आणि तो मिटला की आतले काही दिसत नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. अडतीस वर्षांचा एक गृहस्थ दुधाचा टेम्पो चालवतो. सहा महिन्यांत त्याचा ईसीजी चार वेळा निघाला होता, टू-डी इको झाला होता, ट्रेडमिलची चाचणी झाली होती, आणि सगळे व्यवस्थित होते. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात जिभेखाली ठेवण्याची गोळी होती. कोणी लिहून दिली होती ते त्यालाही नीट सांगता येईना. मी छापील कागद पुढे घेतला आणि पहिला प्रश्न वाचला. तो म्हणाला, “भीती? भीती कशाची, मॅडम? रात्री दोन वाजता मी एकटा घाट उतरतो.” मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या विभागाकडे गेले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याची बायको सोबत होती आणि तिने एका वाक्यात सारे सांगितले: “यांचा जीव एकदम घाबरा होतो, अंग घामानं भिजतं आणि म्हणतात, पोरांना बोलाव.”

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मराठीचा विचार करते आहे. आपल्या भाषेत ‘भीती’ला विषय लागतो. सापाची भीती, परीक्षेची भीती, सासऱ्यांची भीती. नुसती, कशाचीच नसलेली भीती म्हणजे काय, हे मराठी माणसाला चटकन उमगत नाही. ‘भीती वाटली का’ असे विचारले की तो आधी ‘कशाची’ ते शोधतो, आणि काही सापडले नाही की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्यात विचारलेला माणूस पुरुष असेल, कष्टाचे काम करणारा असेल, तर हा प्रश्न त्याला आपल्या हिमतीवर घेतलेली शंका वाटतो. ‘चिंतेचा झटका’ हा शब्दप्रयोग त्याहून अवघड आहे. चिंता आमच्याकडे संथ असते; ती कर्जाची असते, मुलीच्या लग्नाची असते, आणि ती झटक्याने येत नाही. ‘झटका’ म्हटला की लोकांना हृदयविकाराचा तरी आठवतो किंवा फेफऱ्याचा. माझ्या एका वयस्क रुग्णाने मला शांतपणे समजावले होते की झटका आलेलाच नाही, कारण कार्डिओग्राम चांगला आहे.

याउलट ‘जीव घाबरा होणे’ या प्रयोगाला विषय लागत नाही. जीव घाबरा होतो तेव्हा छातीही त्यात असते, पोटही असते, श्वासही असतो आणि मनही असते. यांतले काय शरीराचे आणि काय मनाचे, याची वाटणी भाषेने केलेलीच नाही. तो शब्द वापरला की माणूस स्वतःहून बोलू लागतो. म्हणून आता मी पहिला प्रश्न असा विचारते: “ध्यानीमनी नसताना एकदम जीव घाबरा झाला, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, असं गेल्या महिन्यात कधी झालं का?” आणि ‘नाही’ आले तरी लगेच कागद मिटत नाही.

शारीरिक लक्षणांतून प्रवेश करण्याची ही कल्पना माझी नाही. मानसोपचारतज्ज्ञ मरे स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्राथमिक आरोग्यसेवेसाठी एक छोटी प्रश्नावली मांडली, तिच्यात सुरुवातीला दोनच प्रश्न आहेत. गेल्या सहा महिन्यांत एकाएकी घाबरल्यासारखे, बेचैन वाटण्याची वेळ आली का, हा पहिला. आणि काही कारण नसताना हृदय एकदम जोरात धावू लागले, घेरी आल्यासारखे झाले किंवा श्वास घेता येईना असे झाले का, हा दुसरा. यांतल्या एकाला जरी ‘हो’ आले तरी पुढे चौकशी करायची. या दोन प्रश्नांतून आजार असलेला माणूस क्वचितच निसटतो. त्यांची पकड शंभरांत ९४ ते १०० इतकी आढळली. पण आजार नसलेले लोकही त्यांत मोठ्या संख्येने अडकतात, कारण आजार नसलेल्या शंभरांपैकी २५ ते ५९ जणांनाच ते बरोबर वगळू शकले. म्हणजे हे जाळे बारीक विणीचे आहे: मासा सुटत नाही, पण शेवाळही पुष्कळ येते. माझ्यासारख्या डॉक्टरला, जिला त्याच खोलीत बसून पुढचे प्रश्न विचारता येतात, हे जाळे परवडते. तासाला साठ रुग्ण पाहणाऱ्या बाह्यरुग्ण विभागाला ते परवडेलच असे नाही.

भीतीची जाणीवच न होता पॅनिक अटॅक येणे हीसुद्धा वैद्यकात नोंदलेली गोष्ट आहे, आणि छातीत दुखते म्हणून येणाऱ्या लोकांत ती विशेष आढळते. तेव्हा ‘भीती कशाची’ म्हणणारा माणूस काही लपवतो आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला जे जाणवले तेच तो सांगत असतो.

येथे एक कबुली द्यायला हवी. मी शब्द बदलले त्या क्षणी ती प्रमाणित प्रश्नावली राहिली नाही. ८१ आणि ९९ हे आकडे मूळ इंग्रजी शब्दांचे आहेत, माझ्या ‘जीव घाबरा होण्या’चे नाहीत. म्हणून माझ्या बदललेल्या प्रश्नाचा उपयोग मी फक्त दार उघडण्यासाठी करते. गुण मोजायचे असतील तेव्हा छापील मजकूर जसाच्या तसा वाचते. मराठी शब्द नीट पारखून, मुलाखतीशी ताडून, वऱ्हाडापासून कोकणापर्यंतच्या बोलींत तपासून पॅनिकचे चार प्रश्न कोणीतरी सिद्ध करावेत, अशी माझी फार इच्छा आहे. हे काम विद्यापीठांच्या आवाक्यातले आहे. शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संगत या संस्थेने असे काम करून दाखवले आहे: २००८ साली त्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेत पाच छोट्या प्रश्नावल्यांची एकमेकींशी तुलना प्रसिद्ध केली, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मानस प्रकल्पात डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करत होते. ते काम पॅनिकपुरते नव्हते, पण कागदावरचा प्रश्न स्थानिक माणसाच्या कानाने ऐकून पाहावा लागतो हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आकड्यांबद्दल आणखी थोडे, कारण येथे डॉक्टरांचाही घोटाळा होतो. आजकाल फोनवर सहज सापडणारी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली मुळात सततच्या चिंतेसाठी २००६ साली बनवली गेली. तिचेच पहिले दोन प्रश्न घेऊन जीएडी-२ झाली. २००७ साली ९६५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पॅनिक डिसऑर्डर ओळखण्यासाठी जीएडी-७ चा दहा गुणांचा निकष वापरला, तेव्हा पकड ७४ टक्के आणि वगळण्याची अचूकता ८१ टक्के निघाली. वाचायला हे बरे वाटते. पण त्या रुग्णांत पॅनिकचे प्रमाण ६.८ टक्के होते. हजार माणसे घ्या: ६८ जणांना आजार आहे, त्यांतले ५० सापडतील; आणि आजार नसलेल्या ९३२ जणांपैकी सुमारे १७७ जणांनाही दहा किंवा अधिक गुण मिळतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या २२७ जणांत पॅनिक डिसऑर्डर असलेले ५०, साधारण साडेचारात एक. बाकीच्यांना दुसरी एखादी चिंता असेल, नैराश्य असेल, किंवा तो आठवडाच वाईट गेला असेल. हेच गणित पीएचक्यूच्या पॅनिक विभागाचे मांडले तर ५५ खरे आणि सुमारे ९ चुकीचे येतात. फोनवर गुण पाहून ‘मला पॅनिक डिसऑर्डर आहे’ असे ठरवून आलेल्या तरुण मुलांना मी हे गणित कागदावर करून दाखवते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर त्याने दिलासा दिसतो.

बाकीचे प्रश्न विचारतानाही मी थोडी वळणे घेते. ‘अवचित येतो का’ याला आपल्याकडे बहुधा ‘नाही’ येते, कारण कारण शोधून ठेवण्याची सवय असते: ऊन लागले, जेवण जड झाले, गॅस वर चढला. म्हणून मी विचारते की तेव्हा तुम्ही काय करत होतात. टीव्ही पाहत होतो, भाजी निवडत होते, गाढ झोपेत होतो, अशी उत्तरे आली की तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. (झोपेतून धाप लागून उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत हृदय, फुप्फुसे आणि घोरणे यांची चौकशी आधी करावी लागते.) चौथ्या प्रश्नासाठी ‘काळजी वाटते का’ यापेक्षा ‘तेव्हापासून काय करायचे सोडले’ हा प्रश्न मला जास्त सांगून जातो. एकटीने एसटीने जाणे सोडले, देवळातल्या गर्दीत जाणे सोडले, जिना चढणे सोडले, रात्री दाराला कडी लावणे सोडले. शेवटचे उत्तर एका एकट्या राहणाऱ्या आजींचे होते; आपल्याला काही झाले तर शेजाऱ्यांना आत येता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

आता उलट बाजू, जी मी कधीही विसरू नये असे मला वाटते. हृदयाची गती एकाएकी वाढवणारा एक विद्युत दोष असतो, त्याला एसव्हीटी म्हणतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा दोष सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांची लक्षणे तपासली तेव्हा ६७ टक्के रुग्ण पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांतही बसत होते, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये पहिल्या तपासणीत दोष ओळखला गेला नव्हता. लक्षणांचे खापर मनावर फोडण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरेच जास्त होते. ‘तुम्ही फार विचार करता’ हे वाक्य आपल्या घरांत आणि दवाखान्यांत बायकांना किती सहज ऐकवले जाते, हे मी रोज पाहते. प्रश्नावलीत लक्षणे जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही, कारण ती कारण विचारतच नाही. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच बंद होत असेल, मानेत ठोके उडताना जाणवत असतील, धडधडीत खरोखर शुद्ध हरपत असेल, तर मी झटक्याच्या वेळचा ईसीजी मिळवण्याचा आग्रह धरते. थायरॉइडची तपासणी, हिमोग्लोबिन, साखर, दम्याची आणि दिवसातल्या चहा-कॉफीची चौकशी प्रत्येकाची करते. छातीत दुखणाऱ्या माणसाने प्रश्नावली भरत बसू नये. त्याने आधी रुग्णालयात जावे.

प्रश्न कोणासमोर विचारले जातात यानेही उत्तर बदलते. नवरा बायकोच्या वतीने, मुलगा आईच्या वतीने कागदावर खुणा करून देतो, हे आमच्याकडे नित्याचे आहे. मी कागद भरायला देतच नाही, वाचून दाखवते, आणि काही मिनिटे तरी सोबतच्या माणसाला बाहेर बसवते. पण टेम्पोवाल्या गृहस्थांच्या बाबतीत बायको खोलीत होती म्हणूनच निदान झाले. म्हणून आता दोन्ही करते: आधी एकट्याला, मग दोघांना.

सगळी उत्तरे जुळली की मी त्या माणसाला सांगते की याला नाव आहे, हा बरा होणारा आजार आहे, आणि हा अटॅक स्वतःहून ओसरतो. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) आणि एसएसआरआय गटातील, नैराश्य व चिंतेवर दिली जाणारी औषधे या दोन्हींचा उपयोग होतो हे भक्कमपणे सिद्ध झालेले आहे. तात्पुरते शांत करणाऱ्या अल्प्राझोलम या गोळीची चिठ्ठी महिनोन्‌महिने तशीच पुढे चालू ठेवण्याने मात्र सवय लागते, आणि ती सोडवणे हे दुसरे काम होऊन बसते. तालुक्याच्या गावी थेरपिस्ट मिळत नाही, जिल्ह्याला जावे लागते, आणि एसटीने एकटे जाण्याचीच ज्याला धास्ती आहे त्याने ते कसे करावे, हा प्रश्न उरतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी, फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी अशांना लिहून देते. फोन घरबसल्या करता येतो.

यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारते. तो पॅनिकच्या चार प्रश्नांत नाही. मॉन्ट्रियलच्या त्याच अभ्यासात पॅनिक डिसऑर्डर असलेल्या रुग्णांपैकी २५ टक्के लोकांच्या मनात मागच्या आठवड्यात स्वतःला संपवण्याचा विचार येऊन गेला होता. बाकीच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ५ टक्के होते. मरणाच्या धास्तीने रुग्णालय गाठणाऱ्या माणसाच्या मनात मरणाचाच विचार असू शकेल हे मला आधी सुचलेही नव्हते. टेम्पोवाल्या गृहस्थांना मी हे शेवटी विचारले, बायकोला बाहेर बसवून. ते बराच वेळ पायांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “घाट उतरताना एकदा आला होता, मॅडम.” त्या दिवशी मी टेम्पोच्या मालकाला फोन करून त्यांची रात्रीची फेरी बंद करवली, आणि जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यांना माझ्याच गाडीतून पाठवले.